डेकवरचे चौघे

ही घटना खरी आहे.

पटत नसेल त्यांनी खुशाल सोडून द्यावी. पण ज्याच्यावर हे ओढवलं तो माणूस अजून हयात आहे. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. बोटीचं नाव तेवढं मी बदललंय. बाकी जसं घडलं तसं सांगतेय.

गाव ब्लफ. न्यूझीलंडच्या अगदी तळाचं बंदर. समोर सामुद्रधुनी, पलीकडे स्ट्युअर्ट बेट, आणि मग बर्फापर्यंत नुसतं पाणीच पाणी.

महिना जुलै, म्हणजे ऐन हिवाळा. वेळ दुपारची. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. सगळं लख्ख दिसत होतं.

म्हणूनच तर अजून झोप लागत नाही.

मी आणि हिनेवाई, आमच्या तोंडी नुसती हिने, एकाच शेडमध्ये कालवं फोडतो. वीस वर्षं तरी झाली. तिचा नवरा एव्हन लॉडर. बंदरावर क्रेन चालवायचा. गुडघे गेले आणि तो लवकर घरी बसला. घरी बसून त्यानं एक नाद लावून घेतला, प्लॅस्टिकच्या जुन्या मॉडेलांचा.

नवी मॉडेलं नव्हेत हं. कुणीतरी लहानपणी घाईघाईनं चिकटवलेली, रंगाचे थर फासलेली, माळ्यावर धूळ खात पडलेली जहाजं आणि विमानं. ती आणायची. ब्रेकच्या तेलात बुडवून ठेवायची, की रंग सुटून येतो. मग फ्रीजरमध्ये टाकायची, की गारठ्यानं जुना गोंद तडकतो आणि जोड उकलतात. मग सगळं धुऊन, घासून, पहिल्यापासून जोडायचं. जोडणीचा कागद बहुतेक वेळा हरवलेलाच असायचा. तो दुसऱ्या शौकिनांकडून नक्कल करून मागवायचा.

हिने शेडमध्ये आम्हाला सांगायची, "माझ्या फ्रीजरमध्ये मटण कमी आणि बॉम्बफेकी विमानं जास्त आहेत. पाहुणे आले की मला आधी उतरवून घ्यावी लागतात."

आम्ही हसायचो.

त्या मे महिन्यात एव्हननं इन्व्हरकार्गिलच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून एक बोट आणली. मासेमारीची छोटी बोट. निळं अंग, पांढरी केबिन. नाकाजवळ डाव्या बाजूला लाल रंगाचा एक वेडावाकडा डाग. एव्हनला वाटलं, कुण्या पोराच्या हातून रंग सांडला असेल.

डेकवर चार माणसं होती. नखाएवढी. एक लाल स्वेटरातला, एक निळ्या, एक हिरव्या, आणि एक पिवळ्या.

रंग मात्र सुरेख लावलेला होता. इतका, की एव्हनचा हात क्षणभर थांबला. पण त्याचा नियम ठरलेला. आधी सगळं उतरवायचं, मग आपलं लावायचं.

त्यानं बोट तेलात बुडवली आणि वर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि…

तेलाचा वासच नव्हता.

समुद्राचा वास आला. ओल्या दोरखंडाचा, शेवाळाचा. भरतीनंतर धक्क्याच्या पायऱ्यांना येतो तसा.

एव्हननं खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती.

त्यानं बोट बाहेर काढली तर चारही माणसं सुटून तळाशी पडलेली. रंग पार गेलेला. चार राखाडी माणसं, सगळी एकसारखी. त्यानं ती धुतली, वाळवली आणि डेकवर पुन्हा चिकटवली. एक केबिनच्या दाराशी, दोन मध्ये, एक मागे. कोण कुठे उभा होता ते त्याला नीट आठवेना.

काय फरक पडतो, असं म्हणून त्यानं विषय सोडला.

जोडणीचा कागद त्यानं डनीडनच्या ॲलस्डेरकडून मागवला. म्हातारा चाळीस वर्षं या मॉडेलांच्या मागे आहे. कागदाची नक्कल टपालानं आली. एव्हननं ती टेबलावर पसरली. सांगाडा, केबिन, डोलकाठी, जाळी ओढायचं चाक, सगळे भाग बरोबर होते.

माणसं मात्र नव्हती.

त्यानं ॲलस्डेरला फोन लावला. एखादं पान राहिलं का, म्हणून विचारलं.

ॲलस्डेर म्हणाला, "पान राहिलेलं नाही. त्या बोटीत माणसं कधी आलीच नाहीत. माझ्याकडे तिचे तीन न उघडलेले खोके आहेत, हवं तर मोजून दाखवतो. तुझी कुणीतरी स्वतः घडवून बसवली असतील."

एव्हननं भिंग घेऊन बघितलं. हातानं घडवलेल्या वस्तूवर पात्याच्या खुणा असतात. साच्यातून काढलेल्या वस्तूवर कडेनं बारीक रेघ असते.

या चौघांवर दोन्हींतलं काहीच नव्हतं…

त्यानंतर दुसरंच सुरू झालं. फळीवर बोट ठेवली की तिचं नाक सामुद्रधुनीकडे वळलेलं असायचं. एव्हन ती सरळ करायचा. चहा घेऊन परत यावं तर पुन्हा वळलेली. कधी त्याची पाठ असताना टक… टक… असा आवाज यायचा. लाकडावर बूट आपटावेत तसा, पण फार लांबून.

त्यानं हिनेला सांगितलं. ती म्हणाली की उंदीर असेल, आणि उंदीर नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं.

मग जुलै उजाडला.

त्यांचा एकुलता एक मुलगा, रेवी. सव्वीस वर्षांचा. कारखान्यात काम करायचा, पण तिथं त्याचा जीव रमेना. 'मेरी एल्सपेथ' नावाच्या कालवांच्या बोटीवर एका खलाशाचा हात मोडला आणि ती जागा रेवीला मिळाली. बोटीचा तांडेल वॉली ब्रेमनर. सोबत टिपेने नावाचा खलाशी, आणि रेवीचा बालपणीचा दोस्त गस पेट्री. रेवी धरून चौघे.

पहिल्या दिवशी एव्हन त्याला सोडायला धक्क्यावर गेला. सकाळची वेळ होती. चौघे डेकवर उभे राहून हात हलवत होते.

वॉली लाल स्वेटरात. टिपेने निळ्या. गस हिरव्या.

आणि रेवी पिवळ्या. आईनं विणलेला, नवा कोरा.

एव्हनचा वर झालेला हात तसाच राहिला.

बोट वळली. निळं अंग, पांढरी केबिन. आणि नाकाजवळ, डाव्या बाजूला…

लाल डाग.

त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं, तो डाग कसला? तो म्हणाला, परवाच धक्क्याला घासली, गंज धरू नये म्हणून वॉलीनं घाईघाईत लाल रंग फासलाय. आठवडाही झाला नाही.

एव्हननं त्याच डागाचा रंग मे महिन्यात स्वतःच्या हातानं पुसला होता.

त्या संध्याकाळी रेवी सुखरूप परत आला. जेवताना एव्हननं त्याला सगळं सांगितलं. रेवीनं नीट ऐकून घेतलं, तोंडातला घास संपवला, आणि आईकडे वळून म्हणाला, "आई, हवामान खातं बंद करायला सांग. बाबाचं प्लॅस्टिक बोलायला लागलंय."

"रेवी, मस्करी नाही. ही बोट सोड. दुसरी कुठलीही धर."

"आणि वॉलीला काय सांगू? माझा बाप खेळण्याला घाबरला?"

"सांग तसं."

"बाबा, तू घरात बसून बसून असा झालायस. जरा बाहेर पडत जा."

त्या रात्री हिनेनं पहिल्यांदा विचारलं की माणसं खरंच चारच आहेत का.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोट मोडून टाकायचं ठरवलं. चिमटा हातात घेतला. आणि तिथंच अडकला. मोडली आणि त्यानंच काही झालं तर?

मग वाटलं, रंग परत लावावा. होतं तसं करून ठेवावं. त्यानं पिवळ्या रंगाची डबी उघडली, कुंचला बुडवला.

पण पिवळा कुणाला लावायचा?

चौघेही राखाडी, चौघेही सारखे. यातला आपला कोणता?

कुंचल्यावरचा रंग वाळून गेला. कुंचला त्याच्या हातातच होता.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी वारा पडलेला होता. रेवी शीळ घालत गेला. दुपारी आकाश दक्षिणेकडून काळंनिळं झालं आणि वारा एकदम फिरला. आमच्या शेडचे पत्रे वाजायला लागले. बोटी एकेक करून परतू लागल्या. आम्ही सुऱ्या खाली ठेवून दारात उभ्या राहिलो.

मेरी एल्सपेथ दिसेना.

हिने घराकडे पळाली. घरी बोटींचं बोलणं ऐकायचा रेडिओ होता.

एव्हन त्याच्या खोलीत होता. छपरावर एरवी सीगल्सचा कलकलाट असतो.

त्या दुपारी एकही ओरडत नव्हता…

आणि मग फळीवरून आवाज आला.

टक.

एव्हननं बघितलं. मागच्या माणसाचे पाय डेकवरून सुटले होते. तो तिरका झाला होता.

त्यानं धावत जाऊन बोट टेबलावर घेतली. गोंदाचा थेंब सोडला. गोंद धरेना. डेक ओला होता. पुसला, तर पुन्हा ओला. प्लॅस्टिकला घाम फुटावा तसे थेंब आतून वर येत होते.

टक. दुसरा सुटला.

त्यानं दोघांवर दोन बोटं दाबली.

टक… टक…

मग दोन्ही हात लावले. चार बोटं, चार माणसं. आणि दाबून धरलं.

एव्हन सांगतो की ती माणसं खालून ढकलत होती. नखाएवढी माणसं, पण रेटा मोठ्या माणसाचा. थंडी बोटांतून कोपरापर्यंत चढली. बोट त्याच्या हाताखाली डावीकडे कलत होती. तो अंगाचं सगळं वजन टाकून ती धरून होता.

स्वयंपाकघरातून रेडिओची खरखर येत होती. मग वॉलीचा आवाज. बोट भरतेय, म्हणाला. ठिकाण सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मध्येच तुटलं.

हिने ओरडली, "एव्हन, इकडे ये!"

"येऊ शकत नाही."

"एव्हन!"

"मला हात काढता येत नाहीत, हिने."

ती दारात आली. तिनं टेबलावरची बोट बघितली, नवऱ्याचे निळे पडलेले हात बघितले. तिला काय कळलं देव जाणे. ती परत फिरली आणि रेडिओसमोर जाऊन बसली.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. टेबलावर पाणी साचून कडेवरून खाली गळत होतं. आणि मनात एकच जप चालला होता. सोडू नकोस. यातला एक तुझा आहे. कोणता ते माहीत नाही, म्हणून कुणालाच सोडू नकोस.

मग रेडिओवर हेलिकॉप्टरचा उल्लेख आला.

थोड्या वेळानं डाव्या हाताखालचा एक रेटा थांबला. त्या बोटाखाली आता नुसतं प्लॅस्टिक होतं, निर्जीव.

एव्हनला वाटलं, मेला.

मग दुसरा थांबला.

मग तिसरा.

चौथा मात्र जोरजोरानं ढकलत होता. उजव्या हाताच्या तर्जनीखाली. एव्हनला वाटलं, हाच. हाच रेवी आहे. बाकीचे गेले, हा एकटा झुंजतोय. त्यानं दुसरा हातही त्याच्यावर ठेवला. रेवीला मारलेल्या हाका रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. शेजाऱ्यांनी ऐकल्यात. हिनेच्या मागून मी रस्त्यापर्यंत आले होते, मीही ऐकल्यात.

आणि हिने धावत आत आली. रडत होती, हसत होती.

"उचललं त्याला! रेवीला उचललं! नाव घेतलं त्यांनी, एव्हन. रेवी वर आहे!"

एव्हन वळला.

त्यानं दोन्ही हात उचलले आणि बायकोला मिठी मारली.

टक.

आवाज अगदी बारीक होता. तिला ऐकूही आला नाही.

त्याला आला.

तो फिरला तेव्हा डेकवर तिघे उभे होते. चौथा नव्हता. त्यानं टेबलाखाली पाहिलं, कपाटं ओढली, फरशीवर हात फिरवला. हिने विचारत होती की आता काय शोधतोयस, चल, इस्पितळात जायचंय. तो गुडघ्यांवर रांगत होता आणि म्हणत होता, "अजून एक होता. हिने, अजून एक होता."

गस पेट्री सापडला नाही. आजतागायत नाही.

इस्पितळात रेवीच्या पाठीवर एक खूण दिसली. दोन खांद्यांच्या मध्ये, बशीएवढी, काळीनिळी. डॉक्टर म्हणाले, बोटीच्या कशाचा तरी मार असेल. वॉलीच्या पाठीवर तशीच होती. टिपेनेच्याही.

बोट उलटली तेव्हा चौघेही तिच्या बुडावर चढले होते. लाटा डोक्यावरून जात होत्या. धरायला काही नव्हतं. रेवीनं बापाला सांगितलं, तेही खोलीत दुसरं कुणी नसताना.

"पाठीवर काहीतरी होतं, बाबा. वजन. कुणीतरी वरून दाबून ठेवलंय असं. लाट यायची, ओढायची, पण आम्ही हलत नव्हतो. आधी वाटलं मलाच होतंय. मग गस म्हणाला, तुलाही धरलंय का? तो हसला सुद्धा. म्हणाला, आता काही भीती नाही."

एव्हन ऐकत होता.

"वॉलीला नेलं. टिपेनेला नेलं. मग मला. मी वर गेल्यावर खाली बघितलं. दोर गससाठी परत सुटला होता. त्याच्या डोक्यावर आला होता, बाबा. त्यानं हात वर केला…"

"मग?"

"त्यानं वर बघितलं. माझ्याकडे नाही. आणखी वर. कुणीतरी हाक मारल्यावर बघतो तसं. आणि तो घसरला. लाट नव्हती त्या वेळी. नुसता घसरला."

एव्हननं मुलाला काही सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. हिनेला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. मला त्यानं का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, आणि मी ना त्याच्या रक्ताची ना गसच्या.

गसची बायको शोना आमच्याच शेडमध्ये आहे. माझ्या उजव्या हाताला बसते. गससाठी ठेवलेल्या प्रार्थनेच्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर रेवीला विचारलं होतं, शेवटी तो काही बोलला का. रेवी म्हणाला की, आता काही भीती नाही असं म्हणाला. शोनानं ते शब्द धरून ठेवलेत. मग ती एव्हनपाशी गेली. म्हणाली, "मी सगळं ऐकलंय, एव्हन. तुम्ही त्या दुपारी त्यांच्यासाठी देवाचा धावा करत होतात ना. तुमचे उपकार आहेत."

तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

त्यानं ते सोडवून घेतले नाहीत. पण त्याचा चेहरा मी बघितलाय. पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

वॉलीनं समुद्र सोडला, टिपेने उत्तरेला निघून गेला. रेवी मात्र दुसऱ्या बोटीवर परत गेला. दुसरं काही त्याला जमत नाही म्हणतो.

ते मॉडेल अजून आहे. एव्हनला ते ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही. तीन माणसं आहेत त्यावर, आणि तिघेही राखाडी.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेले होते. बाहेर दक्षिणेचा वारा सुटला होता. हिनेनं मला न बोलता आतलं दार दाखवलं. एव्हन टेबलाशी उभा होता. तीन बोटं, तीन माणसं. चहा शेजारी गार झालेला.

तेवढ्यात फोन वाजला. हिनेनं घेतला, ऐकला, आणि दारात येऊन हळूच म्हणाली, "रेवी धक्क्याला लागला."

एव्हननं मान वळवली नाही. बोटं उचलली नाहीत.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"त्याच्या बोटीवरचे सगळे आले."

"गावातले सगळे?"

हिने म्हणाली, "एक बोट अजून बाहेर आहे."

तो थोडा पुढे वाकला आणि दोन्ही हातांवर अंगाचा भार टाकला.

टेबलाच्या कडेवरून पाणी गळत होतं…

मी मागे सरले. त्याला हात काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दार ओढून घेतानासुद्धा मी कडीचा आवाज होऊ दिला नाही.